एका टाकीत दोन टँकर

सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या म्हसवडच्या माणसाला पाणी मोजायला कुणी शिकवावं लागत नाही. हंडा, कळशी, पिंप, टँकर अशी मापं इथं पाळण्यापासून पाठ असतात. दहा हजार लीटरचा टँकर वाडीवर आला, की तो किती उंबऱ्यांना पुरेल हे रांगेतली पहिली बाई सरकारी कागदाच्या आधी सांगते. तेव्हा इथेनॉलला लागणाऱ्या पाण्याच्या हिशेबाची सुरुवातही टँकरपासूनच करणं बरं.

चाळीस लीटरची टाकी असलेली एक साधी मोटार घ्यावी. २०२५ पासून देशभरातल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं. म्हणजे या टाकीत इथेनॉल भरतं आठ लीटर. नीती आयोगानं २०२१ साली इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात एक हिशेब दिला आहे. टनभर उसापासून सरासरी १०० किलो साखर किंवा ७० लीटर इथेनॉल मिळतं. किलोभर साखरेच्या उसाला १,६०० ते २,००० लीटर पाणी लागतं. यातला वरचा आकडा धरला, तर लीटरभर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लीटर पाणी येतं. आठ लीटरचे झाले २२,८८०. दोन टँकर भरून वर घरच्या टाक्या भरतील एवढं.

हा आकडा ऐकून माणदेशातला माणूस दचकतो आणि साखर पट्ट्यातला माणूस चिडतो. चिडणाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. देशातलं सगळं इथेनॉल काही उसाचं नसतं. मका आणि तांदळाचा वाटा आता मोठा आहे. उसाचं असलं तरी ते दर वेळी थेट रसापासून केलेलं नसतं. शिवाय सरासरी ही अशी चीज आहे, की महाबळेश्वरचा पाऊस आणि म्हसवडचा पाऊस बेरजेला घेऊन दोनानं भागला तर सातारा जिल्ह्यात दुष्काळ नावाची गोष्टच उरत नाही. पण दचकणाऱ्याचंही चुकत नाही. आकडा खोटा नाही. तो कुठं उभं राहून मोजला, एवढंच विचारायचं राहून गेलं आहे.

आधी रानात जाऊन ताळा करून पाहू. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की ४,०४७ लीटर पाणी होतं. माण तालुक्यात वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एकरावर आभाळातून येतं साधारण २० लाख लीटर. पाटानं भिजवलेल्या उसाला वर्षभरात पाऊस धरून २,००० मिलिमीटर लागतात असं मानलं, तर एकराची गरज निघते ८१ लाख लीटर. एकरी ४० टन ऊस निघाला, तर टनामागे दोन लाख लीटर. त्याला ७० नं भागलं, की उत्तर येतं लीटरमागे २,८९०. दिल्लीतला कागद आणि माणदेशातलं रान यांचा मेळ बसला.

आता याच रानात ठिबक टाकू. पाणी १,२०० मिलिमीटरवर आणलं, खतं वेळेवर दिली आणि एकरी ६० टन काढला, तर तोच हिशेब लीटरमागे १,१६० च्या आसपास उतरतो. रान तेच, बेणं तेच आणि उत्तर निम्म्याहून कमी. म्हणजे ‘इथेनॉलला किती पाणी लागतं’ या प्रश्नाचं उत्तर इथेनॉलपेक्षा सरीत पाणी सोडणाऱ्याच्या हातात अधिक असतं. रात्रीची वीज आली म्हणून मोटार चालू करून झोपलेला शेतकरी आणि वाफसा पाहून दारं धरणारा शेतकरी यांचा ऊस एकाच काट्यावर तोलला जातो, एकाच भावानं घेतला जातो. पाण्याचा फरक मात्र कुठल्याही पावतीवर उमटत नाही.

हे मोजमाप दख्खनला नवं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते, तेव्हा त्यांनी कालव्यांसाठी ‘ब्लॉक’ पद्धत आखली. कालव्याखालच्या रानाचे गट पाडायचे, गटाच्या ठरावीक भागातच ऊस घ्यायचा आणि उरलेल्या पाण्यावर हंगामी पिकं भिजवायची, असा त्याचा गाभा. उसाला वारेमाप पाणी देऊन जमिनी खारावतात आणि खालच्या टोकाला पाणी पोहोचत नाही, हे त्या काळातच ध्यानात आलं होतं. पुढं १९३२ साली फलटण तालुक्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र उभं राहिलं. आज ज्या ‘८६०३२’ आणि ‘२६५’ या वाणांची नावं शेतकरी घरच्या बैलांसारखी घेतो, त्यांचा महाराष्ट्रातला प्रवास याच केंद्रातून झाला. उसाच्या पाण्याचा अभ्यास म्हसवडपासून गाडीनं दोन-अडीच तासांच्या अंतरावर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. कमी आहे ती तो अभ्यास कारखान्याच्या ताळेबंदात उतरण्याची.

मोजायचं कसं, याला शास्त्रात दोन वाटा आहेत. एक म्हणजे कालव्यातून किंवा मोटारीतून किती पाणी सोडलं ते मोजायचं. दुसरी म्हणजे पिकानं प्रत्यक्षात किती पाणी हवेत सोडलं ते मोजायचं. दुसऱ्या वाटेसाठी लायसिमीटर नावाची सोय असते. मातीनं भरलेली मोठी पेटी जमिनीत काट्यावर बसवायची, तिच्यात पीक लावायचं आणि रोज वजन घटतं किती ते टिपायचं. घट म्हणजे वाफ होऊन गेलेलं पाणी. दोन्ही आकड्यांत बरंच अंतर पडतं, कारण पाटानं सोडलेल्या पाण्यातलं काही मुरून शेजारच्या विहिरीत उतरतं. नदीकाठच्या गावात हे मुरलेलं पाणी वाया गेलं असं म्हणता येत नाही. ते पुढच्याच्या कामी येतं. उपसा योजनेवर मात्र तेच पाणी डोंगर चढवून, विजेचं बिल भरून आणलेलं असतं. तिथं मुरलेल्या प्रत्येक थेंबाला किंमत पडलेली असते.

तिसरी वाटही आहे आणि ती सगळ्यांत सोयीची. मीटर कारखान्याच्या फाटकावर बसवायचा. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असतं. टनभर ऊस गव्हाणीत पडला, की त्याच्याबरोबर ७०० लीटर पाणी आपल्या पायांनी कारखान्यात येतं. त्याचाच फेरवापर नीट केला तर बाहेरचं पाणी फारसं लागत नाही. आसवनीत मळी पातळ करायला आणि यंत्रं थंड ठेवायला पाणी लागतं. लीटरभर अल्कोहोलमागे साधारण आठ ते पंधरा लीटर सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश, निघतं. ते नदीत सोडलं तर नदी मरते, म्हणून त्यावरचे नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. पण मापाच्या दृष्टीनं पाहिलं तर फाटकावरचा आकडा दहा-वीस लीटरच्या घरात आणि रानातला हजारांच्या घरात. कारखान्याच्या अहवालात पाण्याचं पान असतं ते या दहा-वीस लीटरचं. उरलेलं पाणी शेतकऱ्याच्या खात्यावर जातं आणि शेतकऱ्याकडं तर खातंच नसतं.

आता खुद्द म्हसवडकडं वळू. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि माणला पाचशे. या तफावतीवरचा उतारा म्हणून कृष्णेचं पाणी पूर्वेकडं उचलायच्या योजना आल्या. कराडजवळून निघणारी टेंभू योजना खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडं गेली. जिहे-कठापूरचं पाणी खटावमधल्या नेर तलावाकडं आणि माणमधल्या आंधळी धरणाकडं निघालं. उरमोडीचंही पाणी माण-खटावसाठी उचललं जातं. या पाण्यासाठी माणसं उगाच भांडली नाहीत. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीत १९९३ पासून पाणी परिषदा भरत गेल्या. त्यात आलेल्या माणसांच्या डोळ्यांपुढं शाळू होता, डाळिंब होतं, जनावरांचा चारा होता. पाणी आलं तसा ऊसही आला. त्यात नवल नाही. हमीभाव असलेलं, चोरीला न जाणारं, पावसा-गारपिटीला न डगमगणारं दुसरं पीक शेतकऱ्याला कुणी दाखवलं आहे?

पण उचललेल्या पाण्यावर पिकवलेल्या उसाचं इंधन करायचं म्हटलं, की एक चमत्कारिक हिशेब पुढं येतो. घनमीटरभर पाणी, म्हणजे हजार लीटर, २०० मीटर उंच चढवायला पंपाची झीज धरून पाऊण युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. लीटरभर इथेनॉलच्या २,८६० लीटर पाण्यातून पावसाचा चौथा हिस्सा वजा केला, तरी उरलेलं पाणी वर चढवायला दीड-पावणेदोन युनिट वीज जाते. लीटरभर इथेनॉल जळलं तर उष्णता मिळते सहा युनिटांच्या आसपास. त्यातली मोटारीच्या चाकापर्यंत पोहोचते चौथाई, म्हणजे दीड युनिट. थोडक्यात, पाटानं भिजवलेल्या अशा उसाचं इथेनॉल गाडीला जेवढं पळवतं, तेवढी वीज पाणी चढवतानाच खर्ची पडलेली असते. ठिबकनं हा बोजा निम्म्याहून कमी होतो. तरीही नांगरट, खत, तोडणी, वाहतूक यांचा खर्च वेगळा धरायचा राहतोच. या योजनांच्या वीजबिलातले ८१ टक्के सरकार भरतं आणि १९ टक्के शेतकऱ्याकडून घेतले जातात. दुष्काळी भागासाठी हे योग्यच म्हणावं लागेल. पण ऊर्जेच्या हिशेबात हे ८१ टक्के कुणाच्या नावावर टाकायचे, याचं उत्तर इथेनॉलच्या कुठल्याही तक्त्यात मिळत नाही.

आणखी एक गुंता मळीचा. कारखाना आधी पूर्ण साखर काढतो आणि शेवटी उरलेल्या ‘सी हेवी’ मळीपासून अल्कोहोल करतो, तेव्हा टनामागे दहा-अकरा लीटर मिळतं. थोडी साखर मळीत सोडून ‘बी हेवी’ मळी वापरली, तर वीस लीटरच्या आसपास. साखर अजिबात न करता रसच आंबवला, तर सत्तर. पहिल्या रीतीत पाणी साखरेचं, मळी म्हणजे फुकटचा उरलेला माल, असं म्हणून इथेनॉलला बिनपाण्याचं ठरवता येतं. तिसऱ्या रीतीत सगळं पाणी इथेनॉलच्या डोक्यावर येतं. मधल्या रीतीत किमतीच्या प्रमाणात वाटणी करावी लागते आणि मग साखरेचा बाजारभाव हलला की इथेनॉलचं पाणीही हलतं. उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, जाळून केलेली वीज त्यातली आणखी एक वाटेकरी. एकाच सरीतल्या उसाची चार उत्तरं निघतात आणि चारही गणितानं बरोबर असतात. ज्याला जे हवं तो ते घेऊन सभेला येतो.

जगातले आकडे काढले तर गुंता आणखी रंगतो. नेदरलँड्सच्या आर्येन हूकस्ट्रा यांनी २००२ मध्ये ‘जलपदचिन्ह’, म्हणजे एखादी वस्तू तयार होईपर्यंत खर्ची पडणारं सगळं पाणी मोजायची कल्पना मांडली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जैवइंधनांचा जागतिक तक्ता प्रसिद्ध केला. त्यात लीटरभर इथेनॉलमागे उसाला सरासरी २,५०० लीटर, मक्याला २,६०० च्या आसपास आणि ज्वारीला तब्बल ९,८०० लीटर पाणी दाखवलं आहे. मोगली एरंडाच्या डिझेलला तर २०,००० लीटर. वीस वर्षांपूर्वी माळरानावर, बिनपाण्याचं म्हणून ज्या मोगली एरंडाचा गाजावाजा झाला, ते हेच झाड.

ज्वारी उसापेक्षा चौपट तहानलेली! हे म्हसवडच्या बाजारात सांगितलं तर शाळूची भाकरी हातात धरून हसणारी माणसं भेटतील. पण तक्ता चूक नाही. त्यात आभाळातून पडून मातीत मुरलेलं पाणी आणि धरणातून आणलेलं पाणी एकाच रांगेत उभं केलं आहे. शिवाय ज्वारीचं एकरी उत्पन्न थोडं, म्हणून भागाकाराचं उत्तर फुगतं. मुरलेल्या ओलीवर आलेल्या शाळूनं ते पाणी घेतलं नसतं तर ते तिथल्या कुसळी गवतानं आणि उन्हानं घेतलं असतं. ते नळात येणार नव्हतं. मातीत मुरलेल्या पावसाला अभ्यासक हिरवं पाणी म्हणतात, धरणातून आणलेल्याला निळं. भांडण होतं ते निळ्या पाण्यावर.

निळं पाणी वेगळं काढलं, की तक्ता उलटा होतो. कोलंबोच्या आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेतल्या शार्लोट द फ्रेत्युर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली फक्त सिंचनाचं पाणी मोजलं. ब्राझीलमध्ये लीटरभर इथेनॉलला ९० लीटर, अमेरिकेत मक्याच्या इथेनॉलला ४००, चीनमध्ये २,४०० आणि भारतात उसाच्या इथेनॉलला ३,५०० लीटर. ब्राझीलचा ऊस बहुतांशी पावसावर येतो. म्हणून ब्राझीलचं यश सांगून माण-खटावला ऊस लावायला सांगणं, म्हणजे कोकणातल्या माणसानं आटपाडीत भाताची खाचरं मागण्यासारखं आहे.

कमी पावसाच्या मुलखात इंधन कशापासून करायचं, या प्रश्नाला सातारा जिल्ह्यातच एक वेगळं उत्तर शोधलं गेलं होतं. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. तिथं गोड ज्वारीवर काम सुरू झालं. कणीस माणसाला, ताटातला गोड रस अल्कोहोलला, चोथा जनावराला, असं एकाच पिकाचं तिहेरी गणित. संस्थेनं ‘मधुरा’ नावाची गोड ज्वारी विकसित केली. डॉ. अनिल राजवंशी यांनी तिथंच अल्कोहोलवर चालणाऱ्या शेगड्या आणि कंदील केले. हे पीक चार महिन्यांत रान मोकळं करतं. उसासारखं बारा-अठरा महिने पाण्याच्या पाळीला बांधून ठेवत नाही. ते फैलावलं नाही याचीही कारणं आहेत. ताट तोडलं की रस लवकर आंबतो. कापणीचा हंगाम आखूड. आसवनीला वर्षभर कच्चा माल हवा आणि ज्वारीसाठी तोडणीच्या टोळ्या, मुकादम, गाड्या, सभासदत्व अशी रचना कुणी उभारली नाही. उसामागं सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचं सहकाराचं बळ होतं, ज्वारीमागं एक प्रयोगशाळा होती.

मग मोजायचं तरी कशात? या प्रश्नाला एका मराठी इंजिनिअरनं दिलेलं उत्तर आज पुन्हा उघडून पाहण्यासारखं आहे. के. आर. दाते यांचं ‘बँकिंग ऑन बायोमास’ हे पुस्तक १९९७ मध्ये आलं. सुहास परांजपे आणि के. जे. जॉय त्यांचे सहकारी. दाते जैवऊर्जेच्या विरोधात नव्हते, उलट तिचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या गटाच्या मांडणीत हिशेबाचं एकक मात्र कुटुंब होतं. अन्न, चारा, सरपण आणि विकायला थोडा माल एवढं पिकवायचं तर दुष्काळी भागातल्या कुटुंबाला पावसाच्या जोडीला सुमारे ३,००० घनमीटर हमीचं पाणी हवं, असं त्यांनी मांडलं.

तीन हजार घनमीटर म्हणजे तीस लाख लीटर. नीती आयोगाच्या दरानं त्याचं इथेनॉल होतं साधारण १,०५० लीटर. टाकीमागे आठ लीटर इथेनॉल धरलं, तर त्या चाळीस लीटरच्या टाक्या भरतात एकशे तीसच्या आसपास. एका बाजूला एका घराचं सालभराचं जगणं, दुसऱ्या बाजूला एकशे तीस वेळा पंपावर थांबलेली मोटार. तराजू असा धरला, की हिशेब म्हसवडला समजेल अशा भाषेत येतो.

अशा तराजूनं पाणी वाटून पाहिलेली गावं याच मुलखात आहेत. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावला पाणी पंचायत सुरू केली. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकराचं, भूमिहीनालाही वाटा आणि त्या पाण्यावर ऊस नाही. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर ऐंशीच्या दशकात तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. तिथंही समान पाणी आणि ऊस नको, हाच करार. या लोकांचं उसाशी वैर नव्हतं. दोन एकर ऊस म्हणजे किती जणांची पाळी चुकते, हे त्यांनी आधी मोजलं होतं.

पाळी कुणाची चुकते, हे तलावाच्या भिंतीवरूनही दिसतं. १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी म्हसवडजवळ जो तलाव हाती घेतला गेला, तोच आजचा राजेवाडी तलाव. पाणी साचतं सातारा-सांगलीच्या शिवेवर आणि कालवा जातो आटपाडी-सांगोल्याकडं. भिंतीच्या वर आणि खाली वेगळे जिल्हे, वेगळी निवेदनं. आता त्याच खोऱ्यात वरून कृष्णेचं पाणी येऊन मिळतं. कुठलं पाणी कुणाचं आणि कुठल्या पिकाचं, हे जिल्ह्याच्या हद्दीनं मोजता येत नाही.

२०२३ च्या पावसाळ्यानं हा सगळा हिशेब एका वर्षात उघडा केला. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभरात ती काहीशी सैल केली, पण इथेनॉलकडं वळवायच्या साखरेला १७ लाख टनांची मर्यादा ठेवली. कर्ज काढून आसवन्या उभारलेले कारखाने हवालदिल झाले. मिश्रणाचं उद्दिष्ट मात्र हललं नाही. त्याच वर्षी मका पुढं आला. पाऊस कमी झाल्यावर इंधनाचं धोरण बदलावं लागतं, याचा अर्थ त्या इंधनाचा साठा तेलाच्या विहिरीत नसून कोयना, उरमोडी आणि कण्हेरच्या जलाशयांत असतो.

दुष्काळात म्हसवडला उसाचं तिसरंच रूप दिसलेलं आहे. २०१२-१३ मध्ये माणदेशी फाउंडेशननं इथं जनावरांची छावणी चालवली. चेतना सिन्हा आणि माणदेशी महिला सहकारी बँकेच्या कामातून उभी राहिलेली ही संस्था. हजारो जनावरं आणि त्यांच्यामागं आलेली माणसं त्या छावणीत राहिली. बाहेरून ट्रकनं आलेला ऊस आणि मका दावणीला पडत होता. ज्या टनभर उसाचं सत्तर लीटर इंधन होतं, त्याच टनावर त्या उन्हाळ्यात गाई-म्हशी तगल्या. त्या वर्षी त्या टनाचं मोल लीटरात कुणी काढलं नसतं.

या साऱ्यातून निघणारी मागणी मोठी नाही. साखर कारखान्याच्या रोजच्या गाळप अहवालात आज किती टन गाळप, किती पोती साखर, किती उतारा, असे रकाने असतात. उताऱ्याच्या दशांशावर सभा गाजतात. त्या शेजारी एक रकाना पाण्याचा घालायचा: टनामागे सिंचनाचं पाणी किती, त्यातलं उचललेलं किती, ठिबकवरचं किती. त्यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. ऊस नोंदणीच्या वेळी गट नंबर, लागणीची तारीख, आडसाली की खोडवा, हे कारखान्याचा चिटबॉय लिहूनच घेतो; ठिबक आहे की पाट, हे एक घर त्यात वाढवायचं. आवर्तनात कुठल्या चारीला किती पाणी गेलं, हे पाटबंधारे शाखेच्या वहीत असतं. पंपांनी किती युनिट वीज घेतली, हे वीजबिलावर छापलेलं असतं. पहिली नोंद कारखान्याच्या शेतकी विभागात, दुसरी कालव्याच्या कचेरीत आणि तिसरी महावितरणच्या संगणकात पडून आहे. या तिघांची एक बैठक दहिवडीला किंवा म्हसवडला, गाळप सुरू व्हायच्या आत, ऑक्टोबरात घेता येईल.